शून्याला दहा ठोके

बेंगळुरूच्या पूर्वेला, जुन्या मद्रास रस्त्यावर दूरवाणीनगर आहे. १९४८ साली इथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सरकारी कारखाना सुरू झाला. पोस्टांत, कचेऱ्यांत, डॉक्टरांच्या घरी दिसणारे ते जड काळे फोन इथे तयार होत. टेलिफोनला कन्नडनं 'दूरवाणी' म्हटलं, मराठीनं 'दूरध्वनी'. एकाला पलीकडून वाणी ऐकू आली, दुसऱ्याला नुसता ध्वनी. त्या काळच्या खरखरत्या लाइनी आठवल्या की मराठी शब्दच जास्त प्रामाणिक वाटतो.

आजच्या मुलांना तो फोन जमेल का, असं गंमतीनं विचारतात. माझ्या कॉलेजात जाणाऱ्या भाचीला दोन मिनिटांत जमला. तबकडी सोडली की ती परत येताना लाइनवर ठोके पाठवते: एकाला एक, नवाला नऊ आणि शून्याला दहा, सेकंदाला साधारण दहा या वेगानं. म्हणजे मुंबईच्या ०२२ला चौदा ठोके, दिल्लीच्या ०११ला बारा, आणि बेंगळुरूच्या तेव्हाच्या ०८१२ला एकवीस. अमेरिकेत १९४७ साली कोड ठरवताना हा हिशेब मुद्दाम केला होता. न्यूयॉर्कला २१२ मिळाला, जेमतेम पाच ठोक्यांचा. भाचीला ही बेरीज फार आवडली.

पण खरी अडचण तबकडीत नव्हतीच. आपल्याकडे एसटीडी आली १९६० साली, कानपूर आणि लखनौदरम्यान. बाकीच्यांना पुढे कित्येक वर्षं ट्रंक कॉलच. तो नोंदवायचा आणि फोनजवळ बसून राहायचं. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग, जशी घाई तसे पैसे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्येच बोलणार.

शिवाय घरी फोन होता किती जणांच्या? लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापून पुढे 'पी.पी.' असं लिहायचे. मला टेलिफोनच्या इतिहासातलं हे सगळ्यात महत्त्वाचं प्रकरण वाटतं, आणि एक्स्चेंजच्या इतिहासात ते सहसा येत नाही. यंत्र जिथे थांबे तिथून पुढचं अंतर माणसं चालून जात. बहुतेकदा शेजारच्या काकू किंवा त्यांचं एखादं पोर, जिने चढून, हाक मारत. त्याची किंमतही होती. नोकरी लागली, लग्न मोडलं, हे तुमच्याआधी काकूंना कळे, आणि कृतज्ञता तर दाखवावीच लागे. त्या मदतीबद्दल हळहळणारे लोक हा भाग सोयीस्कर विसरतात.

तरुणांना हे जमणार नाही म्हणतात; मला तर जुन्यांनाही जमेलसं वाटत नाही. बेळगावला राहणाऱ्या माझ्या आईनं ट्रंक कॉलसाठी अर्धा अर्धा दिवस काढलाय. आता बोलता बोलता मोबाइल कट झाला तर तिला अर्धा मिनिट धीर धरवत नाही. बेळगाव जिल्ह्यातल्याच कित्तूरला १९८६ साली सी-डॉटचं १२८ लाइनींचं ग्रामीण एक्स्चेंज बसलं. आमच्या भागात वाट बघण्याची सवय मोडायला सुरुवात झाली, ती तिथून.

तारेची गोष्ट निराळी. १४ जुलै २०१३ ही सेवेची शेवटची तारीख, आणि त्या दिवशी तारघरांत गर्दी झाली ती आयुष्यातली पहिलीच तार करायला आलेल्यांची. फॉर्म त्यांनी बिनचूक भरले असतील. पण तार लिहिता येणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. शब्दागणिक पैसे, त्यामुळे मराठी घरांतली दुःखं इंग्रजीतून प्रवास करत, तीही चार शब्दांत.

गेल्या वर्षी मी एका कन्नड कथेचा मराठी अनुवाद करत होते. हुबळीतल्या नायकाला तार येते: फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली. तो एसटी स्टँडवर जाण्याआधी न्हाव्याकडे जाऊन मिशी काढतो. अनुवाद तपासणाऱ्या तरुण संपादिकेनं समासात लिहिलं: 'वडील आजारी आहेत ना? मग हे आत्ताच का?'

प्रश्न रास्त होता. 'सिरियस' म्हणजे बहुधा गेले, हे तेव्हा तारवाल्यापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कळे. वाटेत धीर सुटू नये म्हणून तसं लिहीत. ती म्हणाली, तळटीप द्या. मी दिली नाही. तारवाला सही घेऊन झाल्यावरही दारात उभा राहतो, असं एक वाक्य मूळ कथेत आहे. पहिल्या खर्ड्यात ते तारेच्या आधी आलं होतं, ते मूळातल्यासारखं नंतर घेतलं आणि कथा पुन्हा तिच्याकडे पाठवली.