प्रतीक्षायादी, ग्रामीण रुग्णांची

तज्ञ वैद्याची तपासणी किंवा तातडीची नसलेली शस्त्रक्रिया ह्यांसाठी थांबून असलेल्या रुग्णांची क्रमवार नोंद म्हणजे रुग्णालयीन प्रतीक्षायादी होय. ग्रेट ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाल्यापासून ह्या याद्या सार्वजनिक चर्चेचा विषय ठरल्या आहेत. रुग्णाला तज्ञाकडे पाठविल्यापासून १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हावेत, असे उद्दिष्ट इंग्लंडमध्ये २००४ मध्ये ठरविण्यात आले व त्यासाठी २००८ अखेरची मुदत घालण्यात आली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील स्थिती निराळी आहे. येथील रुग्ण बहुधा घरीच थांबतो : सुगी संपेपर्यंत, प्रवासखर्चाची सोय होईपर्यंत किंवा सोबतीला कोणी मिळेपर्यंत. रुग्णालयाच्या दप्तरी त्याचे नाव नसते. त्यामुळे त्याची प्रतीक्षा मोजलीही जात नाही. म्हणूनच ग्रामीण भागातील प्रतीक्षायादी कमी करण्याचा इतिहास हा प्रथम ती यादी लिहून काढण्याचा इतिहास आहे.

पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात ह्याचे स्वरूप स्पष्ट दिसते. पुणे–खंडाळा लोहमार्ग १८५८ मध्ये सुरू झाला आणि पुण्याचे ससून रुग्णालय १८६७ मध्ये उघडले. त्यामुळे तळेगाव दाभाडे, वडगाव, लोणावळा ह्या लोहमार्गावरील गावांना मोठ्या रुग्णालयाची वाट खुली झाली. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ह्या खोऱ्यांतील वाड्यावस्त्यांना मात्र प्रथम स्थानक गाठावे लागे. घाटमाथ्यालगतचा मुसळधार पाऊस आणि भातशेतीची कामे एकाच वेळी येत असल्याने ह्या काळात लांबचा प्रवास अवघड होई. तळेगाव दाभाडे येथे १९९५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि भाऊसाहेब सरदेसाई ग्रामीण रुग्णालय त्याला जोडले गेले. आंबीसारख्या तळेगावलगतच्या गावांना त्यामुळे तज्ञसेवा जवळ आली. खोऱ्यांच्या टोकाकडील ठाकर, कातकरी व महादेव कोळी वस्त्यांपासून मात्र ती अजूनही दूरच आहे. एकाच तालुक्यात प्रतीक्षेचा काळ गावागणिक बदलतो तो असा.

स्वातंत्र्योत्तर काळातील ग्रामीण आरोग्यव्यवस्थेची मांडणी प्रामुख्याने भोर समितीच्या १९४६ मधील अहवालावर आधारलेली आहे. पुढे रूढ झालेल्या मानकांनुसार सपाट प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ वा आदिवासी प्रदेशात २०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर अशा चार केंद्रांवर तीस खाटांचे एक संदर्भ रुग्णालय असावे, असे ठरले. तेथे शल्यचिकित्सक, भिषक्, स्त्रीरोगतज्ञ व बालरोगतज्ञ असणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात ही पदेच रचनेचा सर्वांत कच्चा दुवा ठरली. २०२१-२२ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक तज्ञांपैकी सु. चार-पंचमांश तज्ञ उपलब्ध नव्हते. तज्ञच नसल्यास तेथे यादीही तयार होत नाही; रुग्णाला केवळ पुढे पाठविले जाते आणि तो पुढे पोहोचला की नाही, ह्याची नोंद क्वचितच राहते.

ह्याला महत्त्वाचा अपवाद मोतीबिंदूचा. विल्यम वॉनलेस ह्यांनी १८९४ मध्ये उभारलेल्या मिरजेच्या मिशन रुग्णालयात दूरदूरच्या गावांतून नेत्ररुग्ण येत. पुढे तज्ञांनीच गावाकडे जाण्याची, म्हणजे नेत्रशिबिरांची, प्रथा देशभर रुजली. शाळा, धर्मशाळा किंवा तंबू ह्यांत शस्त्रक्रिया होत व रुग्णांना काही दिवस तेथेच झोपवून ठेवीत. १९७१–७४ मधील पाहणीत देशातील अंधत्वाचे प्रमाण १·३८ टक्के आढळले आणि १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९८६–८९ मधील पाहणीत मात्र हे प्रमाण १·४९ टक्के निघाले : शस्त्रक्रिया वाढल्या होत्या, तरी अनुशेष हटला नव्हता.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ ह्या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत राबविलेल्या प्रकल्पाने पद्धती बदलली. जिल्हा अंधत्व नियंत्रण संस्था स्थापन झाल्या आणि गावोगावी दृष्टिहीनांच्या नोंदवह्या ठेवण्यावर भर देण्यात आला. तपासणी गावात करावी व रुग्णास वाहनाने सुसज्ज शस्त्रक्रियागृहात आणून परत पोहोचवावे, अशी विभागणी झाली. तंबूतील शस्त्रक्रियांत जंतुसंसर्गाचा धोका अधिक असे. कृत्रिम नेत्रभिंग बसविण्याच्या तंत्रामुळे जाड भिंगांच्या चष्म्याची गरज संपली आणि रुग्णालयातील मुक्कामही घटला. परिणामी तेवढ्याच खाटांत अधिक रुग्णांवर उपचार होऊ लागले. प्रकल्पकाळात सु. दीड कोटी शस्त्रक्रिया झाल्या. २०१५–१९ मधील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण ०·३६ टक्के आढळले. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलल्याने हे आकडे जसेच्या तसे ताडून पाहता येत नाहीत. तथापि घट झाली, हे निर्विवाद होय. महाराष्ट्रात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील तात्याराव लहाने व रागिणी पारेख ह्यांनी आनंदवनासह अनेक ठिकाणी घेतलेली शिबिरे ह्याच प्रयत्नांचा भाग होत.

अन्य विकारांबाबत प्रयत्न झाले, पण ते विखुरलेले राहिले. गडचिरोली जिल्ह्यात १९८६ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्च’ संस्थेच्या शोधग्राम येथील रुग्णालयात बाहेरून येणारी तज्ञांची पथके शस्त्रक्रिया करतात. १९९१ मध्ये सुरू झालेल्या जीवनरेखा एक्सप्रेस ह्या रुग्णालय-गाडीने शस्त्रक्रियागृहच लोहमार्गावरून ग्रामीण भागात नेले. राज्यशासनाची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले ह्यांचे नाव देण्यात आले. हिच्यामुळे खर्चाअभावी होणारा विलंब घटण्यास साहाय्य झाले. मात्र प्रवास, बुडालेली मजुरी व सोबत्याचा खर्च ह्यांचा भार पूर्णपणे टळला नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी ह्या दूरवैद्यक सेवेमुळे सल्ल्यासाठी करावा लागणारा प्रवास टळू शकतो, शस्त्रक्रियेसाठीचा नव्हे. २०२० मधील कोविड साथीत नियोजित शस्त्रक्रिया थांबल्याने अनुशेष पुन्हा वाढला.

मोतीबिंदूच्या बाबतीत यश मिळाले, त्यामागे चार गोष्टी होत्या : गावातच रुग्ण शोधणे, त्याचे नाव नोंदणे, त्याला नेण्याआणण्याची जबाबदारी घेणे आणि तज्ञाचा वेळ केवळ तज्ञानेच करावयाच्या कामासाठी राखणे. अंतर्गळ, गर्भाशयाचे विकार, सांध्यांची झीज, बहिरेपणा ह्यांसाठी अशी गाववार नोंद सार्वत्रिक झालेली नाही. ह्या विकारांनी मृत्यू क्वचित ओढवतो, म्हणून ते मागे पडतात. परंतु भातखाचरात वाकून काम करणाऱ्या माणसाचे रोजचे जिणे त्यांमुळे खुंटते. जी प्रतीक्षा मोजली गेली ती घटली. जी मोजलीच गेली नाही, तिचा भार रुग्णाच्या घरानेच वाहिला आहे.