शृंगारद्रव्यांतील बनावटीचा इतिहास

शृंगारसाधनांविषयीं लिहिणारे ग्रंथकार बहुधा चंदन, केशर, कस्तुरी यांचे गुण सांगून थांबतात. या वस्तूंच्या व्यापाराबरोबरच त्यांच्या नकलांचाहि व्यापार वाढत गेला, ही गोष्ट त्यांच्या वर्णनांत क्वचितच येते. वास्तविक अस्सल वस्तूच्या इतिहासाइतकाच तिच्या नकलेचा इतिहास बोधप्रद आहे. कारण फसविणारा कोणत्या युगांत कशाची नक्कल करतो, यावरून त्या युगांतील गिऱ्हाईक कशावर विश्वास ठेवीत असे, हें बिनचूक कळतें.

कौटिलीय अर्थशास्त्राचें चौथें अधिकरण ‘कंटकशोधना’चें, म्हणजे राष्ट्राला बोचणारे कांटे वेंचून काढण्याचें, आहे. त्यांत लबाड व्यापाऱ्यांची गणना झाली आहे, हें स्वाभाविकच होय. धान्य, स्नेह, क्षार, मीठ, गंध व औषध यांत त्याच वर्णाचें दुसरें द्रव्य मिसळणाऱ्यास तेथें १२ पण दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्यस्मृतींतहि औषध, तेल, मीठ, गंध, धान्य, गूळ इत्यादि मालांत हीन द्रव्य घालणाऱ्यास १६ पण दंड आहे. येथें दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. एक ही कीं, गंधद्रव्यें हीं श्रीमंतांची चैन म्हणून शास्त्रकारांनीं त्यांना वाऱ्यावर सोडलें नाहीं. पोटांत जाणाऱ्या धान्याच्या आणि औषधाच्या पंक्तीलाच अंगाला लागणारें गंधद्रव्य त्यांनीं बसविलें. दुसरी ही कीं, कौटिल्याच्या डोळ्यांपुढील लबाडी समवर्ण द्रव्याची आहे. रंग जुळला म्हणजे माल खपतो, हें त्या काळच्या भेसळवाल्याला पुरतें ठाऊक होतें.

रंगावर विसंबून चालत नाहीं म्हटल्यावर गिऱ्हाइकानें आपलीं इतर इंद्रियें कामाला लावलीं. पहिल्या शतकांतील रोमन ग्रंथकार प्लिनी म्हणतो कीं, केशराइतकी भेसळ दुसऱ्या कशांतहि होत नाहीं. आणि लगेच पारखहि सांगतो. तळहाताखालीं दाबलें असतां अस्सल केशर कुरकुरतें. भेसळीनें ओलसर झालेलें कुरकुरत नाहीं. आपल्याकडे चंदनाचें खोड सहाणेवर उगाळून त्याचा वास घेत, तीहि एक परीक्षाच.

सतराव्या शतकांत हिंदुस्थानांत वारंवार आलेला फ्रेंच जवाहिऱ्या टॅव्हर्निअर यानें कस्तुरीच्या व्यापाराची हकीकत दिली आहे. पाटण्यास एका खेपेंत त्यानें कस्तुरीच्या ७,६७३ पिशव्या विकत घेतल्या. हरणाच्या बेंबीजवळची ही पिशवी हातीं आली म्हणजे खेडूत लोक तींतील कांहीं कस्तुरी काढून घेत आणि तिच्या जागीं यकृत व रक्त कालवून भरीत. कोणी वजनासाठीं शिशाचे तुकडे घालीत. या लबाडीनें व्यापारच बुडेल या भीतीनें भूतानच्या राजानें हुकूम काढला कीं, पिशव्या शिवून न आणतां उघड्या आणाव्या. तेथें त्या तपासून राजाच्या मोहोरेनें बंद केल्या जातील. टॅव्हर्निअरनें घेतलेला माल असाच मोहोरबंद होता. तरीहि लोक पिशव्या अलगद उघडून आंत शिसें घालीतच. आणि शिशानें कस्तुरी नासत नाहीं, नुसतें वजन वाढतें, म्हणून व्यापारीहि तिकडे कानाडोळा करीत. गिऱ्हाइकाचा विश्वास नाकावरून मोहोरेवर गेला, तसा फसविणाराहि त्याच्या मागोमाग तेथें गेला.

पुढचा टप्पा नांवाचा. जर्मनींतील कोलोन शहरीं १७०९ सालीं स्थापन झालेल्या फारिना घराण्याच्या पेढीचें सुगंधी पाणी ‘ओ द कोलोन’ म्हणून युरोपभर गाजलें, आणि गिऱ्हाइकें फारिना हेंच नांव मागूं लागलीं. तेव्हां विल्हेल्म म्यूलहेन्स नांवाच्या गृहस्थानें १८०३ सालीं, त्या घराण्याशीं कांहीं संबंध नसलेल्या दुसऱ्या एका फारिनाकडून नुसतें नांव वापरण्याचा हक्क विकत घेतला, व पुढें तो इतरांनाहि विकला. पाणी निराळें, हात निराळे. नांव तेवढें खरें! अखेर १८८१ सालीं म्यूलहेन्स घराण्याला तें नांव टाकून आपल्या घराच्या नंबरावरून ‘४७११’ हें नांव घ्यावें लागलें. त्याच शतकांत लंडनच्या रोलंड यांच्या मकासर केशतेलाच्या जाहिरातींतहि नकली तेलापासून सावध राहण्याची सूचना वारंवार येई.

कारखान्यांत तयार झालेली बाटली व डबी घरोघर आली आणि गिऱ्हाइकाच्या नाकाला व बोटांना कामच उरलें नाहीं. बंद झाकणाआड काय आहे हें चिठ्ठीवरील अक्षरांवरूनच मानावयाचें, म्हणून बनावट करणाराहि आतां अक्षरांचीच नक्कल करतो. आपल्या देशांतील कायद्यानें ही गोष्ट सावकाश ओळखली. १९४० चा औषधांचा कायदा प्रथम सौंदर्यप्रसाधनांस लागू नव्हता. १९६२ च्या दुरुस्तीनें तीं त्यांत आलीं, आणि १९८२ सालीं ‘बनावट’ प्रसाधनाची निराळी व्याख्या झाली. दुसऱ्या मालाचें नांव लावणें, गिऱ्हाईक फसेल इतकें साम्य ठेवणें, अस्तित्वांतच नसलेल्या उत्पादकाचें नांव छापणें, हे सर्व प्रकार तींत येतात. कौटिल्याच्या सूत्रांत द्रव्याच्या वर्णाचा विचार आहे. या व्याख्येंत मुख्यतः नांवाचा आहे.

नांवाची चोरी ही केवळ व्यापाऱ्याव्यापाऱ्यांतील भांडणाची बाब आहे, असें कोणी समजूं नये. ज्यानें नांव खोटें छापलें, त्याला आंतील द्रव्याचा जाब विचारणें कठीण. पाऱ्याचे क्षार त्वचेंतील कृष्णवर्ण द्रव्य तयार होऊं देत नाहींत. म्हणून तसल्या मलमानें कांति थोड्याच दिवसांत उजळते. पण तो पारा त्वचेंतून रक्तांत व रक्तांतून मूत्रपिंडांत जातो. केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांतील डॉक्टरांनीं जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळांत मूत्रपिंडविकाराच्या एका विशिष्ट प्रकाराचे १५ रुग्ण पाहिले. त्यांपैकीं १३ जण गोरेपणाचीं मलमें वापरीत असल्याचें दिसून आलें. ‘वापरून पाहूं, गुण आला तर ठेवूं’ हा संसारी माणसाचा साधा न्याय येथें घातक ठरतो. कारण पारा घातलेलें मलमच प्रारंभीं अधिक गुणकारी भासतें.

मग पारख कशानें करावी? आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रसाधनावर उत्पादकाचें नांव व पत्ता, परवान्याचा क्रमांक, बॅचचा क्रमांक आणि वापराची मुदत असावी लागते. परदेशी मालावर नोंदणीचा क्रमांक व आयात करणाराचें नांव असावें लागतें. केसांच्या रासायनिक रंगावर, आधीं थोड्या त्वचेवर लावून पाहण्याची व भुवया-पापण्यांस तो न लावण्याची ताकीद असते, कारण त्यानें दृष्टि जाण्याचा धोका असतो. ज्या डबीवर यांतलें कांहींच नाहीं, ती कितीहि स्वस्त असली तरी परत ठेवावी. जेथें सर्व आहे तेथेंहि अक्षरांतील चुका, पुसट छपाई, सैल झाकण, डबीवर एक व वेष्टनावर दुसरा बॅचचा क्रमांक, आणि नेहमींच्या भावाशीं न जुळणारी स्वस्ताई यांकडे लक्ष द्यावें, आणि पावती मागून घ्यावी.

एक काम मात्र घरींच करण्यासारखें आहे. रिकामी झालेली अस्सल बाटली हें बनावट करणाराचें मोठें भांडवल असतें. तींत हलका माल भरला कीं चिठ्ठीहि खरी आणि बाटलीहि खरी. म्हणून ती रद्दीवाल्यास देण्यापूर्वीं चिठ्ठी फाडावी व झाकण मोडून टाकावें. भूतानच्या राजाला मोहोर करतां आली, पण पिशवी पुढें कोणाच्या हातीं जाते, हें त्याला पाहतां आलें नाहीं. आपल्या घरांतील बाटलीपुरतें तें आपल्याला पाहतां येतें.