वकील कुणाचा?

पेशवाईत राजदूताला वकील म्हणत. शब्द नेमका आहे. वकील स्वतःचं बोलत नाही, अशिलाचं बोलतो. मग ज्याला आपल्या माणसांनी निवडून दिलं तोच उद्या सरकारचा वकील झाला, तर त्याचा अशील कोण? अँड्र्यू यंगमुळे अमेरिकेतल्या काळ्यांपुढे हा सवाल उभा राहिला. मित्रांनो, आपल्यातलेही खुर्चीवर जातात. म्हणून ही हकिगत.

यंग १९३२ चा, न्यू ऑर्लिन्सचा. पेशानं पाद्री. १९६१ पासून डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेत. १९६४ साली फ्लोरिडात सेंट ऑगस्टीनला मोर्चा नेताना गोऱ्यांच्या जमावानं त्याला बदडलं. १९६८ साली मेम्फिसला किंग यांना गोळी घातली, तेव्हा हा तिथंच होता. १९६५ च्या कायद्यानं दक्षिणेतल्या काळ्यांना खरोखर मत टाकता यायला लागलं. यंग १९७० ला उभा राहिला, पडला. १९७२ ला काळ्यांच्या मतांत काही गोऱ्यांची मिळवून अमेरिकन काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात पोचला. जॉर्जियातून काळा माणूस तिथं गेल्याला शंभर वर्षं उलटली होती. त्याच १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली.

१९७६ ला त्यानं जिमी कार्टरला साथ दिली. कार्टर अध्यक्ष झाला आणि १९७७ च्या जानेवारीत यंगला युनोत राजदूत नेमलं. या जागेवरचा पहिला काळा माणूस.

युनोशी आपलंही नातं आहे. १९४६ साली तिथल्या काळ्यांनी युनोकडे अर्ज केला. बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनीही तसंच करावं, हा विचार चालू होता. काळ्यांचा तो अर्ज अमेरिकेविरुद्ध होता. ३१ वर्षांनी त्याच अमेरिकेच्या खुर्चीवर काळा माणूस बसला.

त्यानं काय केलं? ऱ्होडेशियाच्या गोऱ्या राजवटीकडून क्रोम आणायची पळवाट अमेरिकेनं १९७७ मध्ये बंद केली. त्यासाठी यंग झटला. ४ नोव्हेंबर १९७७ ला युनोनं दक्षिण आफ्रिकेवर सक्तीची शस्त्रबंदी घातली, अमेरिकेनं बाजूनं मत दिलं. हे थोडं नाही. पण चारच दिवस आधी, ३१ ऑक्टोबरला, आर्थिक निर्बंधांचे ठराव अमेरिका, ब्रिटन आणि फ्रान्सनं नकाराधिकार वापरून पाडले. बंदुका बंद, धंदा चालू. अशिलाचा पैसा तिथं गुंतलेला होता.

१९७८ मध्ये यंग एका फ्रेंच वर्तमानपत्राला म्हणाला, आमच्याही तुरुंगात शेकडो राजकीय कैदी आहेत. वॉशिंग्टनमध्ये बोंब झाली. वकिलानं अशिलाचं घर उघडं केलं ना!

शेवट १९७९ ला. पॅलेस्टिनींच्या संघटनेशी वाटाघाटी करणार नाही, असा शब्द अमेरिकेनं १९७५ साली इस्रायलला दिला होता. जुलैमध्ये यंग त्या संघटनेचे युनोतले निरीक्षक तेर्झी यांना कुवेतच्या राजदूताच्या घरी भेटला. खात्याला आधी सांगितलं, भेट योगायोगाची होती. खरं बाहेर आलं आणि १५ ऑगस्टला कार्टरनं राजीनामा मंजूर केला. जागेवर डोनाल्ड मॅकहेन्री आला. तोही काळाच. माणूस बदलला, रंग राखला, अशील तोच. चौदा वर्षांनी, १९९३ ला, त्याच संघटनेच्या अराफतला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर पाहुणा म्हणून बोलावलं.

यंग घरी बसला नाही. १९८१ ला अटलांटाचा महापौर म्हणून निवडून आला. म्हणजे मतदारांकडे परतला. राजदूताला नेमणारा काढू शकतो, पण मतदारांच्या दारात त्याला पुन्हा जाता येतं.

खुर्ची घेऊच नये, असं यातून निघत नाही. शस्त्रबंदी खुर्चीतूनच आली. पण बाबासाहेबांनी १९५१ ला हिंदू कोड बिल रखडवल्यावर कायदेमंत्रिपद सोडलं, कारण अशील कोण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आपला कुणी महामंडळावर, मंत्रालयात, परदेशी वकिलातीत निघाला की हार घाला, पण आधी त्याला भर सभेत विचारा : बाबा, तू वकील कुणाचा? आणि सोडायची वेळ आली तर येशील कुणाकडे?