बाजूचा उजेड

वाचकहो, आपल्या घरी जाड काळ्या पानांचा एखादा जुना अल्बम असेल, तर तो एकदा माळ्यावरून खाली काढा. माणसे मागाहून पाहू. आधी सावल्या पाहा. नाकाची सावली कोणत्या बाजूला पडली आहे, मागच्या भिंतीवर काय दिसते, डोळ्यांतला उजेडाचा ठिपका कोठे आहे, एवढे पाहिले तरी फोटो साधारण कोणत्या काळातला हे पुष्कळदा सांगता येते. काढणाराच्या खिशाला काय परवडत होते, तेही कळते. आम्ही इतिहासवाले कागद आणि अक्षराचे वळण पाहून दस्तऐवजाचे वय ठरवितो. फोटोचे वय त्याच्या उजेडावरून ठरवावे, असे माझे मत आहे.

फोटोग्राफी आपल्याकडे लवकर आली. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही तेथील आरंभीच्या एतद्देशीय छायाचित्रकारांतली ठळक नावे होत. वऱ्हाड प्रांत १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला आणि पुढच्या दहापंधरा वर्षांत आगगाडी अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत गेली. तिच्या डब्यांतून कापूस बाहेर गेला आणि बाहेरच्या पुष्कळ नव्या वस्तू आत आल्या. परंतु कॅमेरा आला तरी उजेड मात्र ज्याने त्याने जागेवरच मिळवायचा होता. त्यामुळे त्या काळचे समूहफोटो पाहा, सगळे अंगणातले किंवा मांडवाबाहेरचे! १८९७ सालच्या डिसेंबरात अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, सर शंकरन नायर अध्यक्ष होते. अशा सभांचे त्या वेळचे फोटो उन्हात खुर्च्या मांडूनच काढीत. ज्याच्यापाशी पैसा होता तो स्टुडिओ बांधी, उत्तरेकडच्या छताला काचा बसवी आणि तिकडून येणारा मऊ, स्थिर उजेड गिऱ्हाइकाच्या एका गालावर घेई. दुसऱ्या गालावर हलकी सावली राही. जुन्या स्टुडिओतली आजोबांची तसबीर इतकी भारदस्त का दिसते, याचे निम्मे उत्तर आजोबांत आहे आणि निम्मे त्या काचेच्या छतात.

मग रात्रीचे काय? १८६४ साली इंग्लंडात मँचेस्टरला आल्फ्रेड ब्रदर्स याने मॅग्नेशियमची तार जाळून तिच्या उजेडात माणसाचा फोटो काढला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता, तेच हे दिवस. पुढे १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट मिसळून क्षणात भडकणारी पूड केली. न्यूयॉर्कचा वार्ताहर जेकब रीस याने लगेच पुढच्या वर्षी ती हाती घेतली आणि मजुरांच्या अंधाऱ्या खोल्या जगाला दाखविल्या. या खटाटोपात त्याने दोनदा घराला आगही लावली, हे त्यानेच लिहून ठेवले आहे. पूड पेटली की आवाज होई, धूर कोंडे, आणि दुसरा फोटो धूर निवळल्यावर.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ही पूड ज्या तबकात ठेवीत, ते तबक कॅमेऱ्यापासून दूर, उंच आणि बाजूला धरावे लागे. जवळ धरले तर कॅमेराच काय, काढणाराच्या मिशाही जायच्या! म्हणजे दिवा बाजूला ठेवण्याची रीत कोणी कलावंताने शोधून काढली नाही. ती भीतीने लावली.

ती मोडली सोयीने. १९३०च्या सुमारास काचेच्या फुग्यात बंद केलेला फ्लॅशचा बल्ब निघाला. धूर गेला, भीती गेली, आणि दिवा कॅमेऱ्याच्या बाजूला पट्टी लावून बसविता येऊ लागला. एका फोटोला एक बल्ब. उडाला की फेकून द्यायचा. साध्या गावातल्या फोटोग्राफरला ही उधळपट्टी परवडणारी नव्हती. मग विजेचा फ्लॅश आला. त्याच्या मुळाशी अमेरिकेतील हॅरल्ड एजर्टन यांचे १९३१ पासूनचे प्रयोग आहेत. एकाच नळीतून हजारो वेळा उजेड निघू लागला. तो इतका लहान झाला, की कॅमेऱ्याच्या डोक्यावर खाचेत सरकवून बसविता यावा. बसला तो तेथेच बसला!

आता अल्बमची पुढची पाने उलटा, लग्नाच्या फोटोंची. नवरानवरी भिंतीला टेकून उभी, कपाळ आणि नाक पांढरेफटक, डोळे लालभडक, आणि मागे भिंतीवर डोक्यांच्या कडेकडेने काळी सावली. फ्लॅश भिंगाला चिकटून असला म्हणजे उजेड डोळ्यात शिरून आतल्या रक्ताळ पडद्यावरून थेट भिंगात परत येतो. डोळे लाल दिसतात ते म्हणून. समोरून आलेला उजेड गालाची, हनुवटीची, सुरकुतीची सगळी सावली पुसून टाकतो आणि चेहरा ताटासारखा सपाट होतो.

येथे मला जरा स्पष्ट बोलले पाहिजे. आपला वऱ्हाडचा माणूस बहुतेक सावळा. कापसाच्या रानात उन्हात उभा राहणारा कास्तकार, मेळघाटातला कोरकू, यांच्या चेहऱ्याचे सौंदर्य रंगात नाही, घडणीत आहे. गालाच्या हाडात, कपाळावरच्या आठ्यांत, भुवईखालच्या छायेत आहे. ही घडण दाखवायला बाजूचा उजेड लागतो. आम्ही केले काय? पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून पोरगी गोरी केली, मग समोरून फ्लॅश मारून आणि छापताना हात सैल सोडून गोरी केली. गिऱ्हाईक म्हणे, "भाऊ, जरा उजळ येऊ द्या," आणि भाऊ येऊ देई. दोष एकट्या भाऊचा नाही. पण त्यामुळे एका सबंध पिढीचे लग्नातले चेहरे आपल्यापाशी आहेत, ते तिचे नव्हेत. इतिहासाचे साधन म्हणून हे नुकसान मी लहान मानीत नाही.

आणि गंमत अशी, की त्याच लग्नात उजेडाची योग्य जागा ठाऊक असलेली माणसे हजर होती! वरातीत गॅसबत्त्या डोक्यावर घेऊन चालणारे मजूर आठवा. ते दोन्ही अंगांनी चालत, आणि घोड्यावरच्या नवरदेवाचा चेहरा त्या तिरप्या उजेडात कोरून काढल्यासारखा दिसे. गाडगेबाबांच्या कीर्तनाला रात्री जी गर्दी लोटे, तिनेही बाबांचा चेहरा बाजूच्या उजेडातच पाहिला असणार. फोटोग्राफर मात्र पुढे होऊन आपला फ्लॅश उडवी आणि ते सगळे धुऊन टाकी.

पैशावाचून उजेड वळविता येतो, हे आपल्याकडच्या चित्रपटवाल्यांनी पूर्वीच दाखविले होते. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रीकरणात सरस्वतीबाई पांढऱ्या चादरी धरून ऊन नटांच्या तोंडावर परतवीत, असे सांगतात. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ सालच्या 'सिंहगड' चित्रपटात रात्रीच्या देखाव्यांसाठी कृत्रिम दिव्यांचा उपयोग केला. तिकडे अमेरिकेत ओ. विन्स्टन लिंक याने १९५५ ते १९६० या काळात वाफेच्या आगगाड्यांचे रात्रीचे फोटो काढले. एका फोटोसाठी त्याने रुळांच्या आजूबाजूला तारांनी जोडलेले चाळीसहून अधिक बल्ब एका क्षणी उडविले. हे वाचले, की मूर्तिजापूर-अचलपूरची आपली शकुंतला डोळ्यांपुढे येते. तिचे वाफेचे इंजिन १९९४ साली थांबले. आज लिंकचे ते काम चारपाच स्वस्त फ्लॅशनी भागेल. पण इंजिन गेले ते गेले.

फ्लॅश कॅमेऱ्यावरून पुन्हा खाली कसा उतरला, हेही सांगितले पाहिजे. आधी लांब वायर होती, पण पाहुण्यांचे पाय तिच्यात अडकत. मग 'स्लेव्ह' निघाला: एक फ्लॅश उडालेला दिसला की त्याच क्षणी दुसऱ्याला उडविणारा लहानसा डोळा. त्यानंतर रेडिओने चालणारे ट्रिगर आले, ते आरंभी महाग होते. २००६ पासून बाल्टिमोरच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यांनी मोठ्या स्टुडिओदिव्यांवाचून, पिशवीत मावणाऱ्या लहान फ्लॅशवर ही विद्या लोकांना शिकविली आणि पाठोपाठ चिनी कारखान्यांचा माल आला. आज हाताने जोर ठरविण्याचा साधा फ्लॅश तीन ते सहा हजार रुपयांत मिळतो, आणि पांढरी छत्री हजाराच्या आत. उत्तरेकडचे काचेचे छत आता या छत्रीत मावते.

याचा उपयोग लग्नापुरताच आहे असे समजू नका. संयुक्त प्रांतातील जंगलखात्याचे अधिकारी एफ. डब्ल्यू. चँपियन यांनी वाटेवर तार ताणून, वाघाच्याच पायाने फ्लॅश उडवून त्याचे रात्रीचे फोटो घेतले. त्यांचे पुस्तक १९२७ साली निघाले. आज मेळघाटात, जो १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प आहे, तेच तत्त्व चालते. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे सारखे नसतात, म्हणून गणतीसाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे बसवितात. वाघाला गोरे दिसण्याची हौस नसल्यामुळे त्याचे फोटो खरे येतात!

माझ्या स्वतःच्या विषयापुरते बोलायचे तर अचलपूरजवळच्या चम्मकचे उदाहरण घ्या. तेथे वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे ताम्रपट सापडले आणि फ्लीटने १८८८ साली ते प्रसिद्ध केले. अशा ताम्रपटावर समोरून फ्लॅश मारला, तर धातू चकाकतो आणि अक्षर दिसेनासे होते. तोच फ्लॅश पत्र्याच्या जवळजवळ पातळीत, एका कडेने मारा. प्रत्येक रेघेच्या एका काठावर सावली भरते आणि अक्षर वर उठते. झिजलेला शिलालेख, वीरगळ, पातूरच्या लेण्यांतल्या छिन्नीच्या खुणा, सगळ्यांना हीच युक्ती. मात्र जेथे रंगविलेली भिंत आहे तेथे फ्लॅश काढूच नये. अजिंठ्यास त्याला मनाई आहे, आणि ती योग्य आहे.

ज्यांना करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. पहिली, अंतर. दिव्यापासून चेहरा दुप्पट लांब गेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तेव्हा छत्री जेवढी जवळ आणता येईल तेवढी आणावी. जवळ आणली की उजेड मऊही होतो. चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्यांहून थोडी उंच, अशी तिची जागा. उजेड कमी पडतो असे वाटले तर दुसऱ्या अंगाला धुतलेले पांढरे धोतर धरावे, दुसरा फ्लॅश घेऊ नये. दुसरी गोष्ट, जुन्या बाजारात मिळणारा फ्लॅश नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर थेट बसवू नये. जुन्यांपैकी काहींच्या टोकांत दोनशे व्होल्टांहून अधिक दाब असतो आणि कॅमेरा कायमचा बसतो. तो दूर ठेवून स्लेव्हने उडवावा, म्हणजे चिंता नाही.

आणि छत्री धरायला पगारी माणूस कशाला? घरातला एखादा चुणचुणीत पोट्टा पुरे. त्याला एवढे मात्र आधीच बजावून ठेवावे, की बापू, पंगत बसली तरी मी म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. जिलबी तुझ्या वाटची काढून ठेवली आहे.