कर्ण्यापासून डीजेपर्यंत

आमच्या धर्माबादेत ‘डीजे’ हा शब्द माणसासाठी कुणी वापरत नाही. ‘डीजे आला’ म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत आली. मागे जनरेटर, पुढे पोरे, आणि दोन्ही बाजूंच्या घरांची तावदाने थरथरत असतात. मूळ शब्द मात्र माणसाचाच आहे. ‘डिस्क जॉकी’ म्हणजे तबकड्यांवरचा स्वार. अमेरिकेत १९३५ च्या सुमारास रेडिओवर रेकॉर्डी लावणाऱ्या निवेदकांना हे नाव पडले. त्या हिशेबाने रेडिओ सिलोनवर १९५२ पासून ‘बिनाका गीतमाला’ सादर करणारे अमीन सयानी हे आपल्याकडचे थोरले डीजेच म्हणायला हवेत.

मी मराठीत कविता लिहितो. ‘कवी माणूस आणि डीजेचा नाद?’ असे मित्र विचारतात, तेव्हा मी त्यांना माझ्या मामूंच्या दुकानात घेऊन जातो, अर्थात आठवणीतल्या. मामूंचे लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. एक रेकॉर्ड प्लेअर, एक अँप्लिफायर, दोन कर्णे आणि पेटीभर तबकड्या. लग्नसराईत बैलगाडीतून हे सामान खेड्यात जाई. कर्णा बाभळीवर बांधायचा आणि तारा ओढायच्या, हे माझे काम. गोदावरीच्या अलीकडे मराठी, पलीकडे तेलुगू, घरात आमची दखनी. म्हणून पेटीत तिन्हीकडची गाणी असत.

प्लेअर एकच असल्यामुळे एक गाणे संपून दुसरे लागेपर्यंत मांडवात शांतता पडे. ती भरून काढायला मामू माइकवर आहेर पुकारीत. मी उत्साहाने नवी तबकडी पुढे केली की म्हणत, ‘लोगां कौनसा गाना मंगते, वो बाद में. पैले लोगां के पावां देख.’ पाय थकलेत की थिरकताहेत, हे पाहून पुढचे गाणे ठरवायचे. पुढे मी पुष्कळ वाचले, ऐकले. पण डीजेच्या कलेची याहून नेमकी व्याख्या मला सापडली नाही.

मामूंना छळणारी ती मधली शांतता जगाने कशी मिटवली, त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. जपानच्या टेक्निक्स कंपनीने १९७२ मध्ये ‘एसएल-१२००’ हा रेकॉर्ड प्लेअर आणला. त्याची चकती पट्ट्याऐवजी थेट मोटरवर फिरे आणि वेग थोडा कमी-जास्त करता येई. असे दोन प्लेअर शेजारी ठेवले, की एका गाण्याची लय दुसऱ्याशी जुळवून मध्ये खंड न पडू देता नाच चालू ठेवता येतो. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जमैकाहून आलेल्या कूल हर्क या तरुणाने वेगळी शक्कल लढवली. एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन त्यातला फक्त तालाचा तुकडा तो आलटून पालटून वाजवीत राहिला, कारण लोक नेमके त्याच तुकड्यावर नाचत होते. त्यानेही पायच पाहिले होते!

आपल्याकडे १९८० च्या ‘कुर्बानी’तून बिद्दू आणि नाझिया हसन यांनी डिस्को घराघरात नेला. पाठोपाठ १९८२ मध्ये ‘डिस्को डान्सर’ आला आणि आमचे कर्णे बप्पी लाहिरींच्या चालींनी दणाणले. त्याच वर्षी मुंबईत आणखी एक तबकडी निघाली, जी आमच्या पेटीत कधीच आली नाही. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गिटार आणि बास वाजवणारे वादक. त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची नवी यंत्रे घेतली आणि ललत, भूपाळी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने काढलेली ती तबकडी फारशी कुणी घेतली नाही.

त्यातले ‘टीबी-३०३’ हे यंत्र गिटारवाल्यांना बासची साथ करण्यासाठी बनवलेले होते. त्या कामात ते फसले आणि १९८४ मध्ये बंद झाले. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती. सिंग यांना त्यात आपली मींड सापडली. पुढे १९८७ मध्ये शिकागोच्या ‘फ्यूचर’ या चमूने याच यंत्रावर ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ केले आणि ‘अ‍ॅसिड हाऊस’ हा प्रकार जगभर गाजला. २०१० मध्ये सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातले जाणकार चकित झाले. हे सगळे मुंबईत पाच वर्षे आधीच वाजून गेले होते! सिंग यांना उतारवयात परदेशी मंचांवर बोलावणी आली. २०१५ मध्ये ते मुंबईत वारले.

मला यात नवल वाटत नाही. उरुसात रात्रभर कव्वाली ऐकलेल्याला ठाऊक असते, की एकच ओळ, एकच ठेका फिरून फिरून आला की माणूस स्वतःला विसरतो. हे वेड आपल्याला परके नाही.

पण या नादाची किंमतही मी मोजली आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका मिरवणुकीत मी हौसेने तासभर स्पीकरच्या भिंतीला खेटून चाललो. त्या रात्री उजव्या कानात जी शिट्टी सुरू झाली, ती आजतागायत थांबलेली नाही. डॉक्टरांनी सांगितले, वरच्या पट्टीचे ऐकू येणे गेले, ते परत येत नाही. नेमके त्याच पट्टीत ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘थ’ राहतात. मुशायऱ्यात कुणी शेर वाचला की शब्दांची टोके मला ऐकू येत नाहीत. कवीने याहून अधिक काय गमवायचे? २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. तो कागद मला तेव्हा कुणी दाखवला नव्हता, आणि दाखवला असता तर मी हसलो असतो.

परवा एका मित्राच्या मुलीची हळद होती. डीजेवाला पोरगा ओळखीचा. ‘चाचा, तुमच्या पसंतीचं लावा,’ म्हणाला. मी आधी त्याला आवाज निम्म्याने उतरवायला लावला, मग चरणजित सिंगांची भूपाळी लावली. पोरे क्षणभर गोंधळली. कोपऱ्यात खुर्चीवर मित्राचे वडील बसले होते, हयातभर भजनी मंडळात पेटी वाजवलेले. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, ‘अरे, हा तर भूप!’ आणि ठेका धरून त्यांचे बोट खुर्चीच्या हातावर पडू लागले.

मी मामूंची शिकवण आठवून पायांकडे पाहिले. एकेक पाय उचलू लागला होता.