वसईची मोहीम (१७३७–१७३९) : युद्धनिर्णयांच्या विश्लेषणातून

उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्तेविरुद्धची मराठ्यांची मोहीम. युद्धनिर्णय कसे घेतले जातात हे अभ्यासण्यासाठी तिच्याइतके बोलके उदाहरण मराठी इतिहासात क्वचितच सापडेल. पोर्तुगिजांच्या वसईच्या कोटाला बहुतेक बाजूंनी पाणी व दलदल. मोठा हल्ला उत्तरेकडील जमिनीवरूनच शक्य होता. १७३७ मध्ये ठाणे, अर्नाळा हाती आले, पण कोटावर शिड्या लावण्याचे प्रयत्न फसले. मग डाव बदलला. १७३९ च्या आरंभी माहीम, तारापूर घेऊन वसई एकटी पाडली. मराठा सरदार व्यंकटराव घोरपडे पोर्तुगिजांच्या गोव्यात घुसल्याने तिकडची कुमक अडली. फेब्रुवारीत मोहिमेचे सेनापती चिमाजी आप्पांनी मुख्य वेढा घातला. मे महिन्यात तटाखालचे सुरुंग उडाले, भगदाडातून मराठे वर चढले आणि तेवढ्यात मागे राहिलेला एक सुरुंग त्यांच्याच पायांखाली फुटला. अशा शक्यता आधी तपासून पाहणे हेच आजच्या युद्धसदृशीकरणाचे, म्हणजे लढाईची नक्कल करून अभ्यासण्याचे, काम. त्या स्फोटानंतरही आप्पांनी हल्ले थांबवले नाहीत. १६ मे १७३९ रोजी तह झाला. २३ मे रोजी पोर्तुगिजांनी कोट सोडला.