प्रतिप्रोटॉनचा शोध आणि प्लास्टिक सिंटिलेटर : कालमापनाच्या एका साधनाचा इतिहास

विसाव्या शतकातील भौतिकशास्त्राचा इतिहास आपल्याकडे बहुधा सिद्धान्तांचा आणि थोर शास्त्रज्ञांचा इतिहास म्हणून शिकविला जातो. उपकरणांचा उल्लेख झालाच तर तो तळटीपेत होतो. १९५५ साली अमेरिकेतील बर्कली येथे लागलेला प्रतिप्रोटॉनचा शोध या दृष्टीने पुन्हा तपासून पाहण्याजोगा आहे. या शोधाच्या श्रेयाचा प्रश्न पुढे न्यायालयापर्यंत गेला आणि त्या वादाच्या मुळाशी सिद्धान्त नव्हता, तर प्रयोगाची रचना होती.

विद्युतभारित कण विशिष्ट पदार्थातून जाताना प्रकाशाची चमक उमटते, हे जुनेच ज्ञान होते. १९०९ च्या सुमारास मँचेस्टर येथे गायगर व मार्सडेन यांनी झिंक सल्फाइडच्या पडद्यावरील अशा चमका अंधाऱ्या खोलीत बसून डोळ्यांनी मोजल्या होत्या. फोटोमल्टिप्लायर नळी आल्यावर डोळ्यांचे हे काम संपले. १९४७ मध्ये बर्लिन येथे हार्टमुट कॉलमन यांनी नॅफ्थॅलीन, म्हणजे कपड्यांत ठेवावयाच्या डांबरगोळ्यांचा पदार्थ, या कामी वापरला. १९५० साली शोर व टॉर्नी यांनी पॉलिस्टायरीनमध्ये चमक देणारे सेंद्रिय द्रव्य विरघळवून घन प्लास्टिक सिंटिलेटर तयार केला. त्याचे वैशिष्ट्य चमकेच्या तेजात नव्हते, ती विझण्याच्या वेगात होते. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकातील चमक ओसरण्यास सुमारे २५० नॅनोसेकंद लागतात. प्लास्टिकमध्ये ती काही थोड्या नॅनोसेकंदांत ओसरते. शिवाय प्लास्टिक हवे त्या आकारात कापता येते आणि त्याची पातळ चकती शलाकेच्या वाटेत ठेवली तरी कणाची गती फारशी मंदावत नाही.

बर्कलीच्या बेव्हाट्रॉन या वेगवर्धकातील प्रोटॉनची ऊर्जा ६.२ अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जात होती व प्रतिप्रोटॉन निर्माण होण्यास ती पुरेशी होती. अडचण वेगळीच होती. लक्ष्यातून निघालेल्या शलाकेत एका प्रतिप्रोटॉनमागे सुमारे ४४,००० पाय-मेसॉन येत होते. चेंबरलेन, सेग्रे, विगँड व इप्सिलांटिस या चौघांनी चुंबकांच्या साहाय्याने एकाच संवेगाचे ऋणभारित कण निवडले. संवेग समान असला की जड कण हळू आणि हलका कण वेगाने जाणार, हे उघड आहे. म्हणून त्यांनी सुमारे १.६ सेंटिमीटर जाडीच्या दोन प्लास्टिक चकत्या एकमेकींपासून ४० फुटांवर ठेवल्या. हे अंतर कापण्यास पाय-मेसॉनला ४० नॅनोसेकंद लागत, प्रतिप्रोटॉनला ५१. सारा शोध या ११ नॅनोसेकंदांवर उभा होता. झिंक सल्फाइडच्या रेंगाळणाऱ्या चमकेने हा भेद दाखविता आला नसता.

तथापि, केवळ कालमापन पुरेसे नव्हते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत क्वचितच येते. एक पाय-मेसॉन पहिल्या चकतीतून आणि ११ नॅनोसेकंदांनी मागून येणारा दुसराच मेसॉन दुसऱ्या चकतीतून गेला, तर एकच संथ कण गेल्याचा भास होतो. आणि मेसॉनची एवढी गर्दी असताना असे योगायोग घडणारच. म्हणून वेगानुसार प्रतिसाद देणारे दोन चेरेंकॉव्ह गणक जोडण्यात आले. एक वेगवान कणांची नोंद बाद करी, दुसरा अपेक्षित मर्यादेतीलच वेग स्वीकारी. सिंटिलेटरचे स्पंद ऑसिलोस्कोपवर उमटवून त्यांची छायाचित्रे घेतली जात आणि त्यांवरून काळ मोजला जाई. १ नोव्हेंबर १९५५ च्या ‘फिजिकल रिव्ह्यू’मध्ये सुमारे ६० प्रतिप्रोटॉनांची नोंद प्रसिद्ध झाली. एका युगप्रवर्तक शोधासाठी ही संख्या लहान वाटेल. परंतु गाळणी इतकी काटेकोर होती की ती पुरेशी ठरली.

१९५९ चे नोबेल पारितोषिक चेंबरलेन व सेग्रे यांना मिळाले. नियमानुसार ते तिघांपर्यंत विभागता येते. तिसरी जागा रिकामी राहिली आणि विगँड व इप्सिलांटिस वगळले गेले. विगँड हे गणक व इलेक्ट्रॉनिक जुळणीचे जाणकार होते, हे लक्षात घेता हा निर्णय प्रस्तुत लेखकास खटकतो. १९७२ मध्ये ओरेस्ते पिच्चिओनी या भौतिकशास्त्रज्ञांनी दोन्ही विजेत्यांविरुद्ध दावा दाखल केला. प्रयोगाच्या मांडणीतील मूळ कल्पना आपण १९५४ च्या अखेरीस त्यांना सांगितल्या होत्या, असे त्यांचे म्हणणे होते. मूळ शोधनिबंधात त्यांच्या सूचनांबद्दल आभार मानलेले आहेत. मात्र सूचना कोठे संपते आणि सहकर्तृत्व कोठे सुरू होते, याची चर्चा न्यायालयात झालीच नाही. दावा मुदतबाह्य ठरवून फेटाळण्यात आला.